तीन नंबरचं झाकण

४ मार्च

चि. टकळीस आत्याचे आशीर्वाद. विचारपूस नंतर करते, आधी राग.

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. माझा गुडघा दुखतो, पण तो दुखायचा कधी थांबला होता. तू तीन आठवडे फोन उचलत नाहीस, उचललास तर हं-हं करून ठेवून देतेस, म्हणून चौथी पास बाईला वहीचं पान फाडून बसावं लागलं. अक्षर लागलं नाही तर लावून घे.

काल जेवणाच्या सुट्टीत धुलाईखान्यात आमच्या नव्या वेणीवालीने मोबाइल लावला. म्हणाली, मावशी, तुमच्या सम्राटचं नवीन रॅप आलंय, सगळे तेच ऐकतायत. चादरीची घडी करता येत नाही आणि नाव घेतलंय सम्राट. पण आई आहे, अभिमान वाटतो. म्हटलं, लाव. डब्याचं झाकण हातात धरून ऐकत बसले. आणि माझा लेक बोलतो काय, तर 'तीन नंबरचं झाकण, त्याला नाही राखण, न सांगता उघडतं, तसंच माझं तोंड.'

माझा घास तोंडातच राहिला.

टकळे, या सम्राटने, आपल्या सोन्याने, चादरींना इस्त्री करणारी तीन नंबरची वाफेची प्रेस जन्मात पाहिलेली नाही. त्याची छाती नाजूक म्हणून मी त्याला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. थोरल्या जावेकडे ठेवला, चांगल्या शाळेत घातला. आत वाढलीस ती तू. तुझी आई गेली, माझा भाऊ जहाजावर गेला तो तिकडचाच झाला, आणि चार वर्षांची तू माझ्या पदरात पडलीस. चादरींच्या गाडीत झोपायचीस, जागी झालीस की तोंड सुरू, म्हणून तर टकळी. तीन नंबरचं झाकण न सांगता उघडतं हे ज्याला त्याने भाजलंय त्यालाच ठाऊक. तुझ्या डाव्या मनगटावर डाग आहे. त्याच्या डाव्या मनगटावर घड्याळ आहे.

मग मी वेणीवालीला म्हटलं, त्याची जुनीही लाव. सुट्टी संपेपर्यंत सात ऐकली. सातही तू आहेस.

खरं काय ते लिही, आणि गोड करून लिहू नकोस. लोभ आहेच, तो मागायला लागत नाही. उत्तर मात्र मागते.

तुझी आत्या

११ मार्च

ती. आत्यास टकळीचा नमस्कार. तुझं अक्षर लागलं. लागलं नसतं तर बरं झालं असतं.

तू सात ऐकलीस, एकंदर एक्केचाळीस आहेत. सगळी माझी.

सुरुवात मीच केली. सहा वर्षांपूर्वी एका सभागृहात स्पर्धा होती, तुला सांगितलं नव्हतं. माझं नाव पुकारलं, मी माइकसमोर गेले, आणि तोंड उघडेना. तू मला कायम गप्प बस म्हणायचीस ना, तशी मी पहिल्यांदा गप्प बसले, ती चारशे लोकांसमोर. सोन्या बाजूला उभा होता. त्याने माझ्या हातातला कागद घेतला आणि वाचला. लोक उभे राहिले. घरी येताना तो म्हणाला, तू लिही, मी बोलतो, नाव दोघांचं. मला ते फार चांगलं वाटलं, आत्या. मला वाटलं तो मला वाचवतोय.

पहिल्या गाण्यावर दोन नावं होती. दुसऱ्यावर माझं बारीक झालं. चौथ्यापासून आभारात गेलं, तेही 'माझी बहीण' एवढंच. मी विचारलं तर म्हणाला, लोकांना एकच तोंड लक्षात राहतं.

फोन का उचलत नाही ते सांगते. हा फोन त्यानेच दिलाय, त्याच्याच नावावर, हातात धरवत नाही. मी यात जे लिहीन ते त्याच्याकडे आपोआप उमटतं. आधी सोय म्हणून केलं होतं. आता मी एक ओळ लिहायची आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच्या तोंडात. म्हणून जानेवारीपासून लिहिणं बंद केलं आणि इथे येऊन ही नोकरी धरली. बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. इथे मला कोणी बघत नाही, खिडकीला काळी काच आहे, त्यामुळे तोंड उघडतं. गाडी सहा नंबरच्या फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी कृपया. सुचलेल्या ओळी जुन्या तिकिटांच्या मागे लिहिते. तिकिटं त्याला दिसत नाहीत. पत्रंही दिसत नाहीत, म्हणून पत्रच बरं.

एवढंही मी गिळलं असतं. पण गेल्या महिन्यात त्याने मुलाखत दिली. म्हणाला, मी आईच्या प्रेसखाली वाढलो, वाफेत श्वास धरून बोलायला शिकलो. आत्या, शब्द नेले ते नेले. त्याने माझं लहानपणही नेलं.

तू काही करू नकोस. तो तुझा मुलगा आहे. तुला कळलं एवढंच मला पुरे.

तुझ्या मायेची अजून गरज असलेली,
टकळी

१७ मार्च

चि. टकळीस आशीर्वाद, आणि एक चापटी. तुला पुरे असेल, मला नाही.

परवा रजा टाकून त्याच्या घरी गेले. दार एका माणसाने उघडलं, स्वतःला मॅनेजर म्हणवतो, मला चपला काढायला लावल्या. आत पांढरा कोच, पांढरे पडदे, पडद्यांना नीट इस्त्री नाही. सोन्या पाया पडला. मी म्हटलं, उठ आणि सांग, तीन नंबरच्या प्रेसचं पायडल कुठल्या बाजूला आहे. त्याने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर काय सांगणार.

मग सरळ आला. म्हणाला, आई, घरातलंच तर आहे, परक्याचं थोडंच घेतलं. टकळीला माइकसमोर उभं राहता येत नाही, मी नसतो तर तिच्या ओळी वहीत सडल्या असत्या. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच माझा हात उठला. मारला नाही. कोच पांढरा होता.

मुलाखतीचं विचारलं तर म्हणाला, लोकांना तसलं आवडतं. चोवीस वर्षं मी ती वाफ खाल्ली ती याच्या लोकांना आवडावी म्हणून.

आता कान देऊन वाच. अठ्ठावीस एप्रिलला त्याची मोठी स्पर्धा आहे, देशातली शेवटची फेरी, भरलं मैदान. नेहमी त्याच्या मागे आधीच भरलेला आवाज वाजत असतो, हा वरून तोंड हलवतो आणि मधेमधे ओरडतो. या फेरीत ते चालत नाही. नुसता ताल आणि माइक, आणि रचना नवी हवी. त्याच्याकडे नवं एक अक्षर नाही. रोज फोन उघडून बघतो, तू काही लिहिलंस का. मला म्हणाला, आई, तू सांगितलंस तर ती ऐकेल, एक शेवटचं लिहायला सांग.

मी हो म्हटलं.

असं बघू नकोस कागदाकडे. लिही त्याला. फोनमध्येच लिही, त्याला आयतं मिळू दे. पण असं लिही, की जो प्रेसवर उभा राहिला नाही त्याच्याने ते पुरं होणार नाही.

तू आलीस तेव्हा मी पहिली गोष्ट काय शिकवली होती. झाकण उघडलं की वाफ वर येते, वीस मोजेपर्यंत राहते. त्यात श्वास घेतला तर छाती जळते. मग काय करायचं, तर बोलत राहायचं, कारण बोलणारा माणूस हवा बाहेर सोडत असतो, आत घेत नसतो. झाकण परत खाली आदळलं की त्या ठोक्याला श्वास घ्यायचा. वाक्य कुठेही असो, श्वास ठोक्याला. म्हणून आमच्या बायका घरीसुद्धा वाक्याच्या अध्येमध्ये थांबतात आणि नवऱ्यांना वाटतं, विसरली. तू तसंच बोलतेस, तुझं तुला कळत नसेल. सोन्या शाळेतल्या पोरांसारखा बोलतो, वाक्य संपलं की श्वास.

तुझं पुस्तकी काम तू बघ. दोन नंबरच्या प्रेसची मोजणी धर, ती तुला झोपेतही येते.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू. या पत्रात फक्त काम.

आत्या

२५ मार्च

ती. आत्यास नमस्कार. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस नाही म्हणत होते. कोणाला म्हणत होते कोण जाणे, खोलीत मी एकटीच.

मग तिसऱ्या दिवशी तिकिटाच्या मागे एक ओळ आली. नंतर थांबता आलं नाही.

'चादर दाब, पदर सावर, नजर खाली, कदर कुणाला,
वाफेत वाढ, माफीत काढ दिवस, त्याची खबर कुणाला'

ही सुरुवात. अशा सोळा ओळी आहेत, सगळ्या मागच्या पानावर उतरवल्यात. कसं केलंय ते सांगते, तुला यातलं कळतं, तू मानत नाहीस एवढंच. प्रत्येक ओळीचं शेवटचं टोक पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दात अडकवलंय. मधे जागाच नाही. कोणी ओळीच्या शेवटी श्वास घेतला तर पुढचा शब्द तालाच्या मागे पडतो, मग तो पकडायला घाई, घाईत पुढचा श्वास अर्धा, मग त्याचा पुढचा पाव. मी हिशेब केलाय, पाचव्या ओळीवर हवा संपते. खरी जागा तिसऱ्या ओळीच्या मधोमध आहे, आणि मग सहावीच्या, जिथे दोन नंबरचं झाकण आदळतं. तिथे एक ठोका मी मोकळा सोडलाय. लिहिलेलं बघून तो दिसत नाही. तिथे दोन शब्द असे आहेत की न शिकलेला माणूस ते एका दमात ओढूनच म्हणणार.

आजवर लिहिलेल्यातलं हे सगळ्यात चांगलं आहे. वाईट याचंच वाटतं, की ते मी कोणाला तरी पाडायला लिहिलं.

काल दुपारी स्थानक रिकामं होतं. मला वाटलं माइक बंद आहे. सोळाच्या सोळा म्हणून टाकल्या. माइक चालू होता. बाहेर हमाल टाळ्या वाजवत होते आणि स्थानकप्रमुखांनी मला लेखी विचारलंय, की ही कुठल्या मार्गाची गाडी.

आत्या, ते मी म्हटलं. माझ्या तोंडाने. लोक होते, आणि मी म्हटलं.

फोनमध्ये अजून टाकलेलं नाही. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्याची छाती. लहानपणी तो खोकून निळा पडायचा ते मला आठवतं. आणि दुसरं, हा सूड माझा आहे की तुझा. माझा असेल तर मी अजून थांबू शकते.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
टकळी

३१ मार्च

चि. टकळीस आशीर्वाद.

छातीचं आधी. दहा वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं, बरी झाली, आता याला पळवा. पळवलं कोणी नाही. त्याला काही होणार नाही, लाज सोडून. लाजेने कोणी मरत नाही, नाहीतर आमचा मुकादम कधीच गेला असता.

सूड कोणाचा. तुझे शब्द गेले तो तुझा. माझी वाफ गेली तो माझा. आणि तिसराही एक आहे, तो मी स्वतःवर काढते. त्याला काचेत ठेवला कोणी, मीच. तुला आत भाजू दिलं, त्याला बाहेर जपलं. जिला भाजलं ती शिकली. जपला तो चोर निघाला. हे लिहिताना पेन दोनदा ठेवलं, पण लिहिलं.

तू पाठवलेल्या सोळा ओळी मी दोन नंबरवर म्हणून बघितल्या. पहिल्या दिवशी मोडल्या. दुसऱ्या दिवशी झाकण आदळलं आणि श्वास बरोबर तिथे आला जिथे तू ठेवलायस. मी फारसं शिकले नाही, पण कापड बघून सांगते कोणत्या हाताने धुतलंय, तशी ही ओळ कळते. वेणीवालीने ऐकलं, मग तिने धरलं, मग तीन नंबरवर उभ्या असतात त्या काकूंनी. आता आख्खी पाळी म्हणते. मुकादम म्हणाला, बायकांनो, हे काय मंत्र चाललेत. मी म्हटलं, काम थांबलंय का. पाठ फिरवून निघून गेला.

टाक फोनमध्ये.

माया तशीच आहे, फक्त धार लावलेली.

आत्या

१४ एप्रिल

ती. आईस सोन्याचा नमस्कार.

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच पत्र लिहितोय. तू मागितलेस तसे तेरा पास सोबत आहेत. तुझ्या सगळ्या मैत्रिणी येतायत याचा आनंद झाला. तुम्ही पुढून तिसऱ्या रांगेत आहात.

टकळीला तू समजावलंस त्याबद्दल काय बोलू. या वेळचं फार वरचं आहे. ऐकणारे वेडे होतील. तिचं नाव या वेळी नक्की टाकणार, मॅनेजरशी बोललोय, स्पर्धा झाल्यावर बघू म्हणाला.

एक विचारायचं होतं, कोणाला सांगू नकोस. स्टुडिओत मी तुकड्यातुकड्यांनी म्हणतो, मागून जोडतात. सलग म्हणायला गेलो तर पाचव्या ओळीला माझा श्वास संपतो. वीस वेळा केलं, वीसही वेळा तिथेच. तुम्ही प्रेसवर कसं करायचात. काही युक्ती असेल तर लिही.

तुला माहीत नसेल, थोरल्या काकूंच्या घरून पळून मी कितीतरी वेळा तुझ्या फाटकाशी येऊन उभा राहायचो. धुलाईखान्याच्या खिडकीच्या काचेतून तुम्ही दोघी दिसायचात, वाफेत, तोंडं हलायची, ऐकू काही यायचं नाही. मला वाटायचं तुम्ही माझ्याबद्दल बोलताय. मुलाखतीत मी जे सांगितलं ते खोटं होतं, पण ते मी लोकांसाठी बनवलं नव्हतं. मी ते सातव्या वर्षापासून स्वतःला सांगतोय.

तुझा आशीर्वाद पाठव, आणि जमलं तर युक्तीही.

सोन्या

१७ एप्रिल

चि. सोन्यास आशीर्वाद.

पत्र वाचलं, दोनदा. फाटकाचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर पळवून लावला असता, तेव्हा मी तशीच होते.

युक्ती आहे. कागदावर लिहून येत नाही, उभं राहून येते. सोमवारपासून ये. सकाळी सातला दोन नंबरवर तुला उभा करते, आठवडाभरात श्वास कुठे घ्यायचा ते तुझी छातीच तुला सांगेल. अट एक. पहिल्या दिवशी आल्यावर बायकांसमोर उभं राहून सांगायचं, एक्केचाळीस गाणी कोणाची आहेत. तेरा बायका आहेत, चारशे नाहीत. स्पर्धेच्या दिवशी मैदानातही तेच सांगायचं, म्हणायच्या आधी, नंतर नाही.

हे मी तुला एकदाच लिहिते. मॅनेजरला विचारू नकोस. त्याला आई असेल तर तो तिला विचारील.

वाट बघते. ती सोमवारी सातपर्यंतच.

आई

२९ एप्रिल

चि. टकळीस आत्याचे आशीर्वाद, पोटभर.

तुला वेणीवालीने फोनवर सांगितलंच असेल, पण तिला तिखटमीठ लावायची सवय. मी सांगते तसं धर.

त्याचं पत्र आणि माझ्या उत्तराची नक्कल सोबत घातलीय, आधी ती वाच. सोमवारी सातला तो आला नाही. आठला मॅनेजरचा निरोप आला, साहेबांना वेळ नाही, श्वासाची मोजणी फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. मी निरोप्याला म्हटलं, मोजणी प्रेस देते, तिला फोन नाही. सोन्याला वाट दाखवली होती, हे तुला कळावं. नाहीतर उद्या म्हणशील, आत्याने पोराला खड्ड्यात ढकललं. खड्डा दाखवला, शिडी दिली, तो शिडीवर बसून राहिला.

काल दुपारी आम्ही तेराजणी गेलो. सगळ्यांच्या साड्यांना अशी इस्त्री की रांगेतले लोक वळून बघत होते. सोन्या आला तेव्हा मैदान थरथरलं. मला क्षणभर वाटलं, आता सांगेल. माइक तोंडाशी नेला, तिसऱ्या रांगेकडे बघितलं, आणि म्हणाला, हे मी माझ्या आईसाठी लिहिलंय.

मी. लिहिलंय. तिथे माझं उरलंसुरलं मन मेलं.

ताल सुरू झाला. पहिली ओळ छान. दुसरी छान. शेवटी श्वास घेतला, चोरून, घेतलाच. तिसरी किंचित मागे. आमच्या काकूंनी माझा हात दाबला. चौथीला त्याच्या मानेची शीर दिसायला लागली. पाचवी अर्ध्यात तुटली.

लोकांना वाटलं, ही ढब असेल. टाळ्या वाजल्या. त्याने हात करून पुन्हा ताल मागितला. पुन्हा पाचवी, पुन्हा तिथेच. आता टाळ्या नव्हत्या. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा तो कोणाकडेच बघत नव्हता, फक्त माझ्याकडे. पाचवीला तोंड उघडंच राहिलं, शब्द नाही. ताल नुसता वाजत राहिला.

मला खोटं लिहिता येत नाही. तो तसा बघत होता, तशीच नजर काचेपलीकडे असणार, आणि मी कधी वळून बघितलं नव्हतं. माझाही श्वास अडकला. मी उठले. वेणीवालीला वाटलं मी वर जाऊन त्याला धरते. मी धरायला उठले नव्हते. मी ओळ पुरी करायला उठले होते.

पाचवी घेतली. माझ्या मागे काकूंनी, मग वेणीवालीने, मग सगळ्यांनी. माइक नाही, काही नाही. आम्ही यंत्रांच्या आवाजावर बोलणाऱ्या बायका, आम्हाला माइक कशाला. सहावीच्या मधोमध तेराजणींनी एकदम श्वास घेतला, झाकण आदळल्यासारखा, आणि अख्ख्या मैदानाला कळलं की जागा इथे होती. सोळावी संपेपर्यंत कोणी हललं नाही. माझा गुडघाही नाही.

परीक्षकांत एक बाई होती, आखूड केसांची. माइक घेऊन खाली आली, विचारलं, हे कोणाचं. मी तुझं नाव सांगितलं, टकळी नाही, कागदावरचं. तिने वर बघून सोन्याला विचारलं. त्याने मान हलवली. मी म्हटलं, मान नको, तोंडाने सांग, तोंड तुझं आहे ना. मग त्याने सांगितलं. एक्केचाळीस गाणी तिची, आणि हे बेचाळिसावं. ते सांगताना श्वास पुरला त्याला.

आज सकाळी कामावर आले तर फाटकाबाहेर उभा. पांढरे बूट, डोळे सुजलेले, मॅनेजर नाही. मुकादमाला वाटलं कोणी कपडे टाकायला आलाय. सोन्या म्हणाला, आई, मला दोन नंबरवर उभं कर. मी म्हटलं, माझ्या हातात नाही. जिची वाफ तिला विचारते.

म्हणून हे पत्र. तुझं उत्तर येईपर्यंत तो बाहेर उभा राहणार आहे, रोज सात वाजता, मीच सांगितलंय. तुला लिहायला वेळ लागला तरी मला घाई नाही. तुझ्याकडून एवढंच मागते, की त्याच्यावर दया करायची असेल तर मला विचारून कर.

आत्या

५ मे

ती. आत्यास नमस्कार.

उत्तर मुद्दाम दोन दिवस उशिरा टाकलंय. त्याला उभं राहायची सवय व्हावी.

त्या आखूड केसांच्या बाईंचा फोन आला होता. जुन्या गाण्यांवरचं नाव बदलण्याचं काम त्या बघतायत. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला बोलावलंय, माझ्याच नावाने, माझ्याच तोंडाने. मी सांगितलं, मला आधी एक काळी काच लागेल. मग म्हटलं, नको, सरावाने जाईल. स्थानकावर आता दुपारी हमाल येऊन उभेच असतात. स्थानकप्रमुखांनीच मेमो मागे घेतला आणि विचारलं, ते पुन्हा कधी.

फोन मी परत पाठवलाय, धुवून, पुसून, आत एक अक्षर न ठेवता.

आता सोन्याचं. मी खूप विचार केला. त्याने फाटकाचं लिहिलेलं पत्र तू सोबत पाठवलंस, ते मी तीन वेळा वाचलं. मला ते दिसतं. तरी माझं मनगट बघितलं की राग जात नाही, आणि तो जावा असं मला अजून वाटतही नाही.

तर त्याला आत घे. मोजायला शिकव, नीट शिकव, माझ्यासारखं. पण दोन नंबरवर नको. तीन नंबरवर उभा कर. काकूंना सांग, आठवडाभर जागा बदला. त्याने त्या झाकणावर एवढं नाव कमावलंय, ओळख तरी होऊ दे.

आणि ते झाकण अजून दुरुस्त केलेलं नाही ना, एवढं कळव.

तुझी, नावानिशी,
टकळी